घरी काय सांगायचं, किती आणि कधी

पत्र: "मी 22 वर्षांची आहे. आमचं घर कडक धार्मिक आहे. रोजच्या प्रार्थना, कपडे, मैत्रिणी कोण असाव्यात, काय वाचावं, सगळं ठरलेलं. गेली दोन वर्षं माझा यातल्या बऱ्याच गोष्टींवर विश्वास उरलेला नाही, तरी मी सगळं करते, म्हणजे करण्याचं सोंग करते. आठ महिन्यांपूर्वी नोकरी लागली. पगार बाबांबरोबरच्या जोडखात्यात जमा होतो आणि कार्ड त्यांच्याकडे असतं. फोन ते कधीही बघायला मागतात. मला वेगळं राहायचं आहे, पण विषय काढला की आई रडते. खोटं बोलून बोलून मी थकले आहे. कधी वाटतं, एकदाचं सगळं खरं सांगून टाकावं. आणि विश्वास नसूनही रात्री वाटतं की आपल्याला शिक्षा होणार. धाकटा भाऊ 16 वर्षांचा आहे, त्याला टाकून कशी जाऊ? – अ."

प्रिय अ.,

तुझ्या पत्रात तीन गोष्टींचा गुंता झाला आहे. तुला वेगळं राहायचं आहे, काही धार्मिक गोष्टी यापुढे करायच्या नाहीत, आणि तुझा विश्वास उरलेला नाही. यातली पहिली गोष्ट घरी सांगणं भाग आहे, कारण तू गेलीस की ती दिसणारच. दुसरी त्यांना हळूहळू कळेल. तिसरी सांगितलीच पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. या तिन्ही एका दमात सांगितल्या की घरच्यांना फक्त तिसरी ऐकू येते. मग तुझं घरभाडं, नोकरी, अंतर हे सगळं बाजूला पडतं आणि तुला वाचवायचं कसं एवढाच विषय उरतो.

"सगळं खरं सांगून टाकावं" हा मोह आम्हाला समजतो, पण आत्ता तो महाग पडेल. तुझा पगार, फोन आणि डोक्यावरचं छप्पर ज्यांच्या हातात आहे, त्यांनाच तू नकार देणार आहेस. आधी या गोष्टी आपल्या हातात आण, मग बोल. तोवर खोटं बोलणं पूर्ण थांबणार नाही, पण कमी नक्की करता येईल. "ऑफिसात मीटिंग आहे, अमुक बाई आल्या आहेत" असं रचून सांगितलं की ते लक्षात ठेवावं लागतं आणि कधीतरी उघडं पडतं. "आज उशीर होईल" एवढंच सांगितलं तर ते खरं असतं. प्रत्येक गोष्टीचं कारण द्यायची सवय तुला लागलेली असणार. ती मोडायला आजच सुरुवात कर.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्वतःशी तपासून बघ. घरात कधी मारहाण झाली आहे का? कोंडून ठेवणं, कागदपत्रं काढून घेणं, नोकरी सोडायला लावण्याची धमकी, तुझ्या नकळत लग्नाची बोलणी, किंवा "चार दिवस नातेवाइकांकडे जाऊन येऊ" असा अचानक ठरलेला, परतीची तारीख नसलेला प्रवास? यातलं एक जरी असेल तर खाली बोलण्याबद्दल जे लिहिलं आहे ते तुझ्यासाठी नाही. तू आधी बाहेर पडायचं, मग सुरक्षित जागेवरून कळवायचं आणि पत्ता द्यायचा नाही. कुणी मध्यस्थी करतो म्हणालं तरी एकटीने भेटायला जायचं नाही. प्रवास टाळता आलाच नाही, तर घराबाहेरच्या एका विश्वासू व्यक्तीकडे तुझ्या कागदपत्रांच्या प्रती, जाण्याचं ठिकाण आणि "या तारखेपर्यंत माझा आवाज ऐकू आला नाही तर पोलिसांना कळव" असा स्पष्ट निरोप ठेव.

1948च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात धर्म किंवा श्रद्धा बदलण्याचं स्वातंत्र्य 18व्या कलमात आहे, आणि लग्न दोघांच्या मुक्त व पूर्ण संमतीनेच व्हावं हे 16व्या कलमात. तो जाहीरनामा बाबांसमोर वाचून काही होणार नाही, हे तुलाही माहीत आहे. पण आपण काहीतरी भयंकर मागतो आहोत असं वाटायला लागेल तेव्हा तो आठवावा. मात्र काही देशांत धर्म सोडणं हा आजही गुन्हा आहे. तू जिथे राहतेस तिथला कायदा तसा असेल, तर विश्वासाबद्दल लेखी, फोनवर, कुठेच काही म्हणू नकोस.

आता कागदपत्रं. जन्माचा दाखला, ओळखपत्र, पासपोर्ट, गुणपत्रिका आणि पदवीचं प्रमाणपत्र, नेमणुकीचं पत्र, बँकेचे आणि कराचे कागद, विम्याचे कागद, औषधांच्या चिठ्ठ्या, चष्म्याचा नंबर. शेवटच्या दोन गोष्टी हमखास विसरतात आणि पहिल्याच महिन्यात लागतात. पूर्ण फाइल एकदम उचलू नकोस, रिकामी जागा लगेच दिसते. एकेक मूळ कागद काढून त्या जागी झेरॉक्स ठेव. मूळ कागद हाती लागणारच नसेल तर दुय्यम प्रतीसाठी अर्ज कर. त्याला वेळ लागतो, म्हणून हे काम सगळ्यात आधी. अर्जावर पत्ता घरचा टाकलास तर पाकीट बाबांच्या हातात पडेल, तेव्हा प्रत स्वतः जाऊन घेता येते का ते विचार. आणि कागदांचे फोटो फोनवर काढताना एक बघ: घरातल्या सगळ्यांचे फोटो आपोआप एकत्र जमा होत असतील तर तुझा पासपोर्ट रात्रीपर्यंत बैठकीच्या खोलीतल्या टॅबवर दिसेल.

फोनचं काम नाजूक आहे आणि त्यात क्रम चुकला की सगळं फसतं. सिम कार्ड कुणाच्या नावावर आहे? बाबांच्या नावावर असेल तर ते नंबर बंद करू शकतात, किंवा त्याच नंबरचं नवं सिम काढू शकतात. मग तुझे सगळे ओटीपी त्यांच्या फोनवर जातील. म्हणून आधी स्वतःच्या नावावर नवा नंबर. मग त्या नंबरावर नवा ई-मेल, ज्याचा पासवर्ड पूर्वी कुठेही वापरलेला नाही आणि ज्याचं उत्तर घरच्यांना माहीत असेल असा सुरक्षा-प्रश्न नाही. त्यावर दोन टप्प्यांची पडताळणी, शक्यतो मेसेजऐवजी ऑथेंटिकेटर अ‍ॅपने, म्हणजे फोनवरच कोड तयार करणाऱ्या अ‍ॅपने. त्यानंतर बँक, मग नोकरीच्या ठिकाणची नोंद, मग बाकीची खाती. बँक आधी बदलून ई-मेल जुनाच ठेवलास तर पासवर्ड बदलण्याचा दुवा जुन्या ई-मेलवर जातो आणि तो घरच्या कॉम्प्युटरवर उघडाच असतो.

हे सगळं शक्यतो दुसऱ्या उपकरणावरून कर. तुझ्या फोनमध्ये नजर ठेवणारं अ‍ॅप असल्याची शंका असेल तर त्याच फोनवर "असं अ‍ॅप कसं शोधावं" हे शोधू नकोस, ते शोधणंही दिसतं. मेसेजच्या अ‍ॅपमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी बघ, फोनमध्ये कुणाकुणाच्या बोटांचे ठसे नोंदले आहेत ते बघ. लोकेशन बंद करणं मात्र शेवटच्या दिवसापर्यंत टाळ, कारण काही अ‍ॅप्समध्ये ते बंद केल्याचं समोरच्याला ताबडतोब कळतं. बाहेर पडल्यावर फोन पूर्ण रिकामा करून नव्याने सुरू करणं हा सर्वात खात्रीचा उपाय. जुना बॅकअप जसाच्या तसा परत टाकू नकोस, हवे ते नंबर आणि फोटो निवडून घे.

पैशांसाठी वेगळी बँक घे, त्याच बँकेची दुसरी शाखा नको. ओळखीतला कर्मचारी भेटला की बातमी तुझ्याआधी घरी पोचते, आणि नेट बँकिंगमध्ये एकाच ग्राहकाची सगळी खाती शेजारी शेजारी दिसू शकतात. विवरण कागदावर न मागवता ई-मेलवर. खात्याला नॉमिनी म्हणून कुणाचं नाव लावायचं असेल तर विचार करून लाव.

पगाराचं खातं बदललंस की पुढच्या पगाराच्या दिवशी प्रश्न येणारच. दोन मार्ग आहेत. एक, बोलण्याच्या दिवसाला लागून असलेल्या पगारापासून बदल कर, म्हणजे दोन्ही गोष्टी एकदमच उघड होतील. त्यासाठी ऑफिसात निदान एक पगार-चक्र आधी अर्ज द्यावा लागतो. शेवटच्या आठवड्यात दिलेला अर्ज पुढच्या महिन्यावर जातो आणि तू घर सोडल्यावरचा पहिला पगार जुन्या खात्यात पडतो. ही चूक फार जणांची होते. दुसरा मार्ग, पगारवाढ किंवा बोनस नव्या खात्यात घेण्याची सोय ऑफिसात असेल तर तिथून सुरुवात. जोडखात्यातले आधीचे पैसे मात्र एका दिवसात उपसू नकोस. तुझे असले तरी त्यावरून चोरीचा आरोप होतो आणि मूळ विषय बुडतो.

किती साठले म्हणजे निघता येतं? तीन महिन्यांचा संपूर्ण खर्च, अधिक घराचं डिपॉझिट, अधिक पहिल्या महिन्याचं आगाऊ भाडं. खर्चाचा आकडा अंदाजाने धरू नकोस. घरी असतानाच सलग दोन महिने, बाहेर राहिल्यावर जेवढं भाडं आणि किराणा लागेल तेवढी रक्कम बाजूला काढून उरलेल्यात भागव. भाडं हातात येणाऱ्या पगाराच्या एक तृतीयांशाच्या वर गेलं तर अडचण होणार असं समज. तसं असेल तर एकटीचं घर सोडून दे, कुणासोबत खोली घे. कार्ड बाबांकडे असल्यामुळे तुला हे दोन महिने कदाचित चार लागतील. लागू देत. घरी पैसे द्यायची इच्छा असेल तर जरूर दे, पण ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम, आणि कुणाच्याही कर्जाला जामीन राहू नकोस.

या काळात आणखी एक सराव करायचा. कडक शिस्तीच्या घरात वाढलेल्यांना कष्टांची भीती नसते, निर्णयांची असते. सकाळपासून रात्रीपर्यंत सगळं कुणीतरी ठरवलेलं असलं की स्वतः ठरवायची सवयच लागत नाही. म्हणून रोज एक छोटी गोष्ट कुणालाही न विचारता ठरव. डॉक्टरांकडे एकटी जा, करारपत्र शेवटपर्यंत वाच, दुकानात वस्तू परत कर. हे जमलं नाही तर बाहेर पडल्यावर लोक दोनपैकी एका खड्ड्यात पडतात. काही जण आजवर बंद असलेलं सगळं पहिल्या महिन्यात करून बघतात. काही जण तितक्याच कडक दुसऱ्या कुणाच्या तरी हाताखाली जातात: जोडीदार, गट, एखादा गुरू, अगदी धर्माविरुद्ध तावातावाने बोलणारी मंडळीसुद्धा. "कुठे होतीस, कुणाबरोबर होतीस, फोन दाखव" हे प्रश्न नव्या माणसाकडून आले तर ते काळजीपोटी विचारले असं समजू नकोस. घर सोडताना थेट प्रेमाच्या माणसाच्या घरी राहायला जाणं आम्हाला म्हणूनच पसंत नाही. निदान सहा महिने तुझ्या नावावरच्या खोलीत राहा.

बोलणं दोघांसमोर एकदमच कर. आधी फक्त आईला विश्वासात घेणं हळुवार वाटतं, पण त्यात तिच्यावर अन्याय होतो. ती गुपित सांभाळत बसते, आणि नंतर "तुला माहीत होतं" म्हणून सगळा राग तिच्यावर निघतो. सणाचा दिवस नको, प्रार्थनेच्या आधीची वेळ नको, जेवणाचं ताट नको, रात्र तर नकोच. सुट्टीच्या दिवशी सकाळी, वीस मिनिटं, आणि त्यानंतर बाहेर जायचं ठिकाण ठरलेलं. खोलीची किल्ली तोवर हातात आलेली असावी. वाक्यं छोटी ठेव: "मी एक तारखेपासून ऑफिसजवळ राहायला जाते आहे. खोली घेतली आहे. दर आठवड्याला फोन करेन, भेटायला येईन." यात "जाऊ का?" नाही आणि कारणांची यादी नाही. कारण दिलं की ते खोडून काढता येतं. प्रवासाला वेळ जातो म्हणालीस तर बाबा गाडी घेऊन देतील, मग काय करशील?

ते धर्मग्रंथांचे दाखले देतील. वाद घालू नकोस. त्यांचं वाचन कदाचित तुझ्याहून जास्त आहे, आणि तू जिंकलीस तरी त्यातून परवानगी मिळत नाही, फक्त अपमान होतो. श्रद्धाळू आईबापांना मुलीच्या परलोकाची खरोखर भीती वाटत असते, आणि समाजात मान खाली जाण्याचीही. ती भीती तुझ्या युक्तिवादाने जाणार नाही, तू नीट जगते आहेस हे दिसत राहिलं तर कदाचित थोडी उतरेल. "आमचं काय चुकलं?" याला "तुमचं चुकलं म्हणून मी जात नाही" एवढं उत्तर पुरे. विश्वासाबद्दल थेट विचारलं तर "त्याबद्दल मी आज बोलणार नाही" हेही उत्तर आहे, आणि ते खोटं नाही. एखाद्या धर्मगुरूंना भेट म्हणाले तर नाही म्हणता येतं. जायचंच ठरवलंस तर एकदाच, अर्धा तास, आणि भेटीनंतर निर्णय बदलेल असं कबूल न करता.

आईच्या छातीत दुखायला लागलं तर? तो आजार आहे असंच समज. लगेच दवाखान्यात घेऊन जा, रात्रभर थांब. दुखणं खरं की खोटं याचा निवाडा तू करायचा नाहीस, तो डॉक्टरांचा. पण त्या खाटेशेजारी उभं राहून जाण्याची तारीख बदलू नकोस. एकदा बदललीस की पुढच्या प्रत्येक तारखेला हेच होईल.

गेल्यानंतरचे पहिले काही आठवडे आजवरच्यापेक्षा वाईट जातील, आणि इथेच अनेक जण हार मानून परत येतात. वर्तनाच्या अभ्यासातली ही ओळखीची गोष्ट आहे: पूर्वी ज्या वागण्याने हवं ते मिळत होतं त्याने मिळेनासं झालं, की ते वागणं थांबण्याआधी अनेकदा वाढतं. दिवसाला दोन फोन येत होते ते बारा होतील. आत्या, मामा, शेजारी, सगळे बोलतील. अशा वेळी तू अकरा फोन टाळून बारावा उचललास, तर बारा वेळा केला की उचलते एवढंच घरी कळतं. त्यापेक्षा बुधवार आणि रविवार संध्याकाळ ठरव. त्या वेळी न चुकता स्वतःहून फोन कर. बाकी वेळी "बुधवारी बोलू" इतकाच मेसेज. खऱ्या अडचणीसाठी एका नातेवाइकाचा मेसेज चालेल असं आधीच ठरवून ठेव.

रात्रीच्या भीतीबद्दल. विश्वास गेला म्हणजे भीती जाते असं नाही. ती कळायला लागण्याच्या आधीपासून, हजारो वेळा ऐकून बसलेली आहे, आणि दमलेल्या, एकट्या माणसाला ती आधी गाठते. भीती वाटली की गुपचूप एक प्रार्थना म्हणून टाकली तर लगेच हलकं वाटतं. अडचण अशी, की त्या हलकेपणामुळेच पुढच्या वेळी भीती आणखी जोरात येते. तुला मनापासून प्रार्थना करावीशी वाटली तर जरूर कर. फक्त भीती शमवायला नको. "ही ती जुनी भीती" असं मनात म्हण आणि काही न करता तिला ओसरू दे. पण रोज तासन्‌तास पापाचे विचार, तीच प्रार्थना पुन्हा पुन्हा "बरोबर झाली नाही" म्हणून करणं, सतत धुणं किंवा क्षमा मागणं असं चालत असेल, तर ते ओसीडीचं, म्हणजे नको असलेले विचार आणि त्याच त्या कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या मानसिक आजाराचं, रूप असू शकतं. त्याला स्क्रुप्युलॉसिटी म्हणतात आणि त्यावर उपचार आहेत. त्यात भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरं जायला आणि त्यानंतरची कृती टाळायला शिकवतात. समुपदेशक निवडताना तो तुमच्या समाजातला, घरच्यांच्या ओळखीचा नको. पहिल्याच भेटीत विचार: मी इथे जे बोलेन ते घरी कळेल का, आणि मी धर्म धरावा की सोडावा याबद्दल तुमचं काही ठरलेलं मत आहे का? दुसऱ्या प्रश्नाला "हो" असं उत्तर आलं, मग कुठल्याही बाजूचं असो, तर दुसरं कुणीतरी शोध.

श्रद्धेचा निकाल यंदाच लागला पाहिजे असं नाही. जेम्स मार्सिया या मानसशास्त्रज्ञाने 1966मध्ये तरुणांच्या "मी कोण" या ओळखीच्या चार अवस्था मांडल्या. त्यातल्या एका अवस्थेत माणूस कसलाही शोध न घेता घरून मिळालेलं उत्तर स्वतःचं म्हणून धरून बसतो. आमच्या मते तितक्याच घाईने "नाही" धरून बसणाऱ्यांचंही फारसं वेगळं होत नाही. तुला प्रार्थनेतलं गाणं आवडत असेल तर ते ठेव. एखादा सण आवडत असेल तर तो साजरा कर. सगळं किंवा काहीच नाही ही त्याच घरातली शिकवण आहे.

एक नुकसान मात्र खरं आहे आणि ते कुणी आधी सांगत नाही. धर्माबरोबर आठवड्यातला एकत्र जमण्याचा दिवस जातो, आणि त्या दिवसाबरोबर माणसं. आजारी पडल्यावर विचारपूस करणारे, सामान हलवायला येणारे, लहानपणापासून ओळखणारे. जाण्याआधी कागदावर तीन नावं लिही: रात्री दवाखान्यात सोबत येईल असं एक, दोन रात्री झोपायला जागा देईल असं एक, आणि नुसतं बोलायला एक. तीन नावं होत नसतील तर ते काम पैशांइतकंच बाकी आहे. आणि जमण्याच्या त्या नेमक्या वेळेला दर आठवड्याला काहीतरी ठरवून ठेव: वर्ग, खेळ, कुणाकडे जेवण. ती वेळ मोकळी राहिली की माणूस एकाकी पडतो.

भावाला तुझ्या विश्वासाबद्दल किंवा तारखेबद्दल आत्ता सांगू नकोस. 16व्या वर्षी हे गुपित पेलवत नाही, आणि उलटतपासणी त्याचीच होईल. त्याला बरोबर नेण्याचा विचारही सोड. तो अल्पवयीन आहे, त्यातून तुझ्यावरच कायद्याची बाजू उलटू शकते. त्याला मारहाण होत असेल तर मात्र बालसंरक्षण यंत्रणेला कळवणं हाच मार्ग. एरवी तुझा नवा नंबर त्याला तोंडपाठ करायला लाव, फोनमध्ये साठवायला नको. त्याच्या शिक्षणाबद्दल बोल, श्रद्धेबद्दल तो विचारेल तेव्हाच बोल. तू त्याला फितवते आहेस असं घरी वाटलं तर त्याची-तुझी भेटच बंद होईल.

घरी पहिली भेट महिना-दीड महिन्याने ठेव, दोन तासांची, परतीची वेळ आधी सांगून. मुक्काम नको. भेटीत प्रार्थनेची वेळ येणार असेल तर काय करणार ते तुझं आधीच ठरलेलं असू दे: शांत बसणार, की तेवढा वेळ बाहेर चक्कर मारून येणार. दोन्ही चालतं. आणि त्या दिवशी मूळ कागद, बँकेचं कार्ड, पासपोर्ट यातलं काहीही पिशवीत नेऊ नकोस.